तीन सेंटचा महापौर

(मंडळाच्या बडोदे येथील सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



महापालिकेची निवडणूक आली की आपल्या मंडळात एकच हिशेब सुरू होतो. आपल्या माणसांना तिकिटे किती? महापौरपद या खेपेस मराठी माणसाकडे येणार का? हा हिशेब चुकीचा नाही, पण अपुरा आहे. म्हणून आज मी मुद्दाम एका परक्या महापौराविषयी बोलणार आहे. तो आपल्या जातीचा नाही, भाषेचा नाही, पक्षाचा नाही. त्यामुळे त्याचे फक्त काम तेवढे पाहता येईल.

त्यांचे नाव टॉम जॉन्सन. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या क्लीव्हलंड शहराचे ते १९०१ ते १९०९ या काळात महापौर होते. लागोपाठ चार निवडणुका त्यांनी जिंकल्या.

जॉन्सन यांचा जन्म १८५४ चा, केंटकी राज्यातला. यादवी युद्धात वडिलांची धूळधाण झाली. अकरा वर्षांचा टॉम रेल्वेत वर्तमानपत्रे विकू लागला. गार्डाची मर्जी बसली आणि त्या गाडीवर दुसऱ्या कुणालाही पेपर विकू द्यायचे नाहीत असे ठरले. पोराने मागेल ती किंमत घेतली. पाच-सहा आठवड्यांत गार्ड बदलला आणि धंदा बसला. मक्तेदारी म्हणजे काय, हे तो तिथेच शिकला.

पुढे त्यांनी हीच विद्या वापरली. ट्राम कंपन्या घेतल्या, पोलादाचे कारखाने काढले, गडगंज पैसा मिळवला. एकदा आगगाडीच्या प्रवासात हेन्री जॉर्ज या अर्थविचारवंताचे पुस्तक हाती आले. शहर वाढते सर्वांच्या कष्टाने, पण त्याचा नफा जमीनमालक आणि मक्तेदार नेतात, असे जॉर्ज यांचे म्हणणे. जॉन्सननी आपल्या वकिलाला सांगितले, हे खोडून दाखवा. वकिलाला ते जमले नाही. तेव्हा हा कारखानदार राजकारणात उतरला. अमेरिकेच्या संसदेत गेल्यावर ज्या पोलादी रुळांचा स्वतःचा धंदा, त्यांनाच संरक्षण देणाऱ्या जकातीविरुद्ध ते बोलले.

महापौर झाल्यावर त्यांनी काय केले? बागांतले ‘गवतावर चालू नये’ हे फलक काढून टाकले. पाणीपुरवठा खात्यावर बेमिस नावाचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक नेमले. त्यांनी वशिल्याच्या नेमणुका थांबवून मीटर बसवले. सभा हॉलमध्ये न घेता जॉन्सन वस्त्यावस्त्यांत तंबू ठोकत. पोलंड, हंगेरी, बोहेमिया अशा मुलखांतून पोटासाठी आलेले कामगार तिथे येत. कुणीही उठावे आणि महापौरांना प्रश्न विचारावा, अशी मुभा होती.

पण मी बँकेतला माणूस, मला त्यांचे सर्वांत आवडले ते करआकारणीचे काम. घरपट्टी, म्हणजे आपला इथला ‘वेरा’. जॉन्सननी वॉर्डांचे मोठे नकाशे तयार करवले. कोणत्या जागेची किती आकारणी, ते त्यावर मांडले आणि रहिवाशांना बोलावले. शेजाऱ्याची आकारणी पाहताच माणसे बोलू लागली. लहान घरमालकावर बोजा जास्त आणि बड्या मालमत्तांवर, रेल्वे कंपन्यांवर कमी, हे उघड झाले. यात आरडाओरड नव्हती. वही उघडून ठेवली, एवढेच.

दुसरी लढाई ट्रामच्या भाड्याची. भाडे पाच सेंट होते. जॉन्सन म्हणाले, तीन सेंटांत परवडते. हा धंदा त्यांनी स्वतः केलेला होता, त्यामुळे त्यांना फसवणे कठीण होते. कंपनीने कोर्टातून मनाई हुकमांमागून मनाई हुकूम आणले. तरीही १९०६ मध्ये तीन सेंटवाली पहिली ट्राम निघाली आणि ती स्वतः महापौरांनी चालवली. आपल्या सयाजीराव महाराजांनी बडोदे संस्थानभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू केले, तेही याच वर्षी.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९०८ मध्ये सगळ्या ट्राम त्यांच्या योजनेखाली आल्या आणि घाई नडली. खर्च बसवण्यासाठी मार्ग बदलले, प्रवासी वैतागले, कामगारांचा संप झाला. जनमत थोडक्या मतांनी विरुद्ध गेले. १९०९ ला जॉन्सन हरले. तोवर संपत्तीही बरीच आटली होती. बंगला सोडून ते लहान जागेत राहायला गेले आणि एप्रिल १९११ मध्ये वारले.

मग हरले का? १९१० च्या तडजोडीत ट्राम कंपनीकडे परत गेली, पण भाडे तीन सेंटांपासूनच सुरू झाले. नफ्यावर सहा टक्क्यांची मर्यादा आली आणि देखरेख शहराकडे राहिली. शहराचे स्वतःचे वीज केंद्र हाही त्यांचाच आग्रह. १९७८ मध्ये बँकांनी कर्जाची मुदत वाढवून दिली नाही, शहर थकबाकीदार ठरले. तरी तेव्हाचे महापौर डेनिस कुसिनिच यांनी ती वीजसंस्था विकली नाही. पुढच्या वर्षी तेही हरले, पण वीज शहराचीच राहिली.

कुणी म्हणेल, आपल्याकडचा महापौर तेवढा समर्थ नसतो. खरे आहे. मुदत अडीच वर्षांची, अंमलबजावणी आयुक्तांकडे, पैशाच्या किल्ल्या स्थायी समितीकडे. पण वही उघडायला सांगण्यासाठी महापौर असावे लागत नाही. नगरसेवक पुरे, नागरिकही पुरे. माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हाती आहे.

बँकेत संध्याकाळी कॅश जुळल्याशिवाय आम्ही घरी जात नाही. कॅशियर आपल्या नात्यातला असला म्हणून तूट भरून येत नाही. तेव्हा यापुढे उमेदवार मंडळात आला की आडनावाबरोबर आणखी तीन गोष्टी विचाराव्यात. वॉर्डातल्या वेऱ्याची आकारणी पाहिली आहे का? पाण्यावर किती खर्च होतो? कंत्राट कुणाला, किती वर्षांचे? मराठी उमेदवाराला तर आधी विचारावे, कारण तो आपला आहे.