दोन फुटांची भिंत आणि पाच गिगाहर्ट्झ



व्याख्यानमालेत संतसाहित्य होतं, पाणीप्रश्न होतो, आणि मध्येच एक संध्याकाळ वायफायला दिलेली पाहून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. पण आज धाराशिवात किंवा कळंबात ज्या घरी केबल आली आहे, तिथे रोज एकदा तरी 'नेट अडकलंय' हे वाक्य उच्चारलं जातं. त्यातला निम्मा दोष बाहेरून येणाऱ्या तारेचा नसतोच. तार घरापर्यंत नीट आलेली असते, आणि घोटाळा होतो तो राउटरपासून मोबाइलपर्यंतच्या शेवटच्या वीस-तीस फुटांत. आज बोलायचं आहे ते त्या वीस-तीस फुटांविषयी.

नवी जोडणी घेतली की मोबाइलवर बहुधा दोन नावं दिसतात. एक साधं, आणि दुसऱ्याच्या शेपटीला '५जी'. जोडून देणारा पासवर्ड सांगून गाडीला किक मारतो, आणि घरातली पोरं ५जी धरून मोकळी होतात, कारण पाच आकडा मोठा. हे ५जी म्हणजे मोबाइलच्या टॉवरचं ५जी नव्हे. इथे पाच म्हणजे पाच गिगाहर्ट्झचा पट्टा, आणि साधं नाव म्हणजे २.४ गिगाहर्ट्झचा. यातलं चांगलं कोणतं, असं मला विचारतात, तेव्हा मी उलट विचारतो: तुमची भिंत कसली आहे, आणि शेजारी किती आहेत?

आधी थोडं पदार्थविज्ञान. २.४ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला २४० कोटी आंदोलनं, तरंगलांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर. पाचच्या पट्ट्यात ती पाच ते सहा सेंटिमीटरवर येते. तरंगलांबी लहान झाली की तशाच अँटेनाच्या पकडीत कमी ऊर्जा येते. मोकळ्या मैदानात, सारख्याच अंतरावर, पाचच्या पट्ट्यात हाती लागणारी ताकद २.४ च्या साधारण एक पंचमांश भरते. शिवाय विटा, दगड, माती, पाणी यांत वरचा पट्टा जास्त शोषला जातो. मग त्याचा फायदा काय? जागा. २.४ मध्ये सगळी मिळून साडेत्र्याऐंशी मेगाहर्ट्झ रुंदी आहे, आणि पाचच्या आसपास भारतात मोकळी केलेली रुंदी ६०५ मेगाहर्ट्झ. रुंद वाटेने एका वेळी जास्त माहिती जाते, इतकं साधं आहे ते.

खोक्यावरच्या आकड्यांना मात्र भुलू नका. 'एसी १२००' लिहिलेला राउटर घेतला, तर त्यात २.४ चे ३०० आणि पाचचे ८६७ मेगाबिट मिळवून वर पूर्ण शेकड्यात फुगवलेले असतात. तुमचा फोन एका वेळी एकाच पट्ट्यावर असतो, त्यामुळे ती बेरीज कुणाच्याच हाती येत नाही. आणि ८६७ हा दोन यंत्रांनी आपसात ठरवलेला वेग असतो. प्रत्यक्षात त्याच्या निम्मा मिळाला तरी खुशाल समाधानी व्हा. शिवाय महिन्याचं पॅकेज ४० मेगाबिटचं असेल, तर नीट चाललेला २.४ तेवढं आरामात पोचवतो. तिथे पाचचा हट्ट धरून मिळवायचं काय?

आता भिंतीकडे येऊ. आपल्या जिल्ह्यातलं जुनं घर काळ्या दगडाचं. फोडलेला बेसॉल्ट मातीच्या गाऱ्यात रचायचा. भिंत दोन फूट, वाड्याची असेल तर तीन फूटही. वर तुळया, फळ्या आणि त्यावर मातीचा जाड थर, म्हणजे माळवद. उन्हाळ्यात आत गारवा, हिवाळ्यात ऊब. उष्णतेला अडवणारं हे घर रेडिओलहरींनाही तितक्याच निगुतीने अडवतं. ओसरीतल्या राउटरचा पाच गिगाहर्ट्झ पहिल्या भिंतीतच बहुतेक संपतो, आणि माजघरात उरतो तो दारातून वळसा घालून आलेला. २.४ एक भिंत पार करतो, दुसरीपाशी त्याचीही दमछाक होते. पावसाळ्यात भिंत आणि माळवद भिजलं की आणखी वाईट. ओली माती कोरडीपेक्षा कितीतरी जास्त शोषते. चैत्र-वैशाखात माळवदावर झोपायला गेलेल्यांना खालच्या राउटरची रेंज मिळत नाही, त्याचं कारण पाठीखालचा तो मातीचा थर. जिन्याच्या तोंडाशी बसलं तर मिळते, कारण तिथे माती नाही.

अशा घरात राउटर कुठे ठेवतात? देवळीत! दिवा ठेवायची जागा म्हणून छान दिसतो, वायर लोंबत नाही. पण देवळीत राउटरच्या पाठीला दगड, दोन्ही बाजूंना दगड, डोक्यावर दगड, आणि मोकळी ती एकच दिशा. काही घरांत तो लोखंडी कपाटावर भिंतीला चिकटून असतो. काही ठिकाणी खिडकीतल्या पत्र्याच्या कूलरमागे. पत्रा लहरी परतवतो आणि कूलरमधलं पाणी उरलेल्या गिळतं. आधी राउटर तिथून काढा, दोन खोल्यांच्या मधल्या दारात, माणसाच्या उंचीच्या वर लावा. मग पट्ट्याचं बोलू.

याच भिंतींचा दुसरा इतिहास या सभागृहात कुणाला सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंपात दगडमातीची ही घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. शेजारच्या जिल्ह्यातल्या किल्लारीचं नाव जगभर गेलं. आपल्या जिल्ह्यात सास्तूरने तेच भोगलं. दोन्ही जिल्ह्यांत मिळून सुमारे ८ हजार माणसं गेली. त्या भिंतींचं नाव वायफायच्या गप्पांत घेताना जीभ अडखळते, पण जिल्ह्याच्या घरांचा नकाशा त्या पहाटेने बदलला, हे टाळून या विषयावर खरं बोलता येणार नाही. नव्या जागी ५२ गावं वसवली गेली. जमीनधारणेप्रमाणे २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरं, पातळ भिंती, हलकं छत, रुंद रस्ते, घराघरांत अंतर. जुन्या गावची दाटी गेली, त्याचं दुःख तिथली वडीलधारी माणसं आजही बोलून दाखवतात. लहरींच्या हिशेबाने मात्र हे घर अगदी सोपं आहे. ४०० चौरस फुटांत मध्यावर एक राउटर ठेवला की दोन्ही पट्टे कोपऱ्याकोपऱ्यात पोचतात. शेजाऱ्याचा राउटरही लांब, त्यामुळे २.४ सुद्धा स्वच्छ. तिथे टीव्ही आणि फोन पाचवर टाका, फाटकावरचा कॅमेरा २.४ वर, आणि विसरून जा.

खरी गर्दी तुळजापुरात. मंदिराच्या भोवतालच्या गल्ल्यांत लॉजला लॉज चिकटलेलं, प्रत्येकाच्या मजल्यामजल्यावर राउटर, आणि नवरात्रात त्यावर भाविकांच्या फोनचे हॉटस्पॉट. इथे २.४ चं काय होतं हे समजायला आपल्याला गायरान आठवावं लागेल.

आकाशातल्या लहरींचं सरकारी धोरण फार काळ कडक होतं. १९३३ च्या भारतीय वायरलेस टेलिग्राफी कायद्याने परवान्याशिवाय बिनतारी यंत्र जवळ बाळगणंसुद्धा गुन्हा ठरवलं होतं. पुढे १९९३ च्या हीरो कप क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि ९ फेब्रुवारी १९९५ च्या निकालाने हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचं सांगितलं. त्या खंडपीठावर न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. क्रिकेटच्या भांडणातून एवढं मोठं तत्त्व निघावं, हे आपल्या देशाला शोभतं! सार्वजनिक म्हणजे फुकट नव्हे. मोबाइल कंपन्या आपले पट्टे लिलावात विकत घेतात आणि त्यांत दुसऱ्या कुणाला पाय ठेवू देत नाहीत. २.४ तसा नाही. १९४७ साली अमेरिकेत अटलांटिक सिटीला आंतरराष्ट्रीय परिषद झाली, तिथे हा तुकडा तापवण्याच्या आणि वैद्यकीय यंत्रांसाठी बाजूला काढला गेला. मायक्रोवेव्ह भट्टी म्हणूनच २.४५ वर चालते. दळणवळणाच्या दृष्टीने ही पडीक जमीन. १९८५ मध्ये अमेरिकेने तीत विनापरवाना संदेशवहनाला मुभा दिली, आणि भारताने २००५ च्या जानेवारीत २.४ खुला केला.

तर हे गावचं गायरान. कुणा एकाच्या नावावर नाही, चरायला कुणालाही मज्जाव नाही, म्हणून गरिबाचंही जनावर जगतं. आणि म्हणूनच सगळ्यांची जनावरं तिथेच. ब्लूटूथ, स्वस्त कॅमेरे, स्मार्ट बल्ब, जुने फोन, भट्टी, सगळे याच तुकड्यावर. कागदावर त्यात तेरा चॅनल आहेत, पण ते पाच-पाच मेगाहर्ट्झवर मांडलेले, आणि वायफायला लागते वीसची रुंदी. एकमेकांच्या अंगावर न येणारे तीनच उरतात: १, ६ आणि ११. एकाच चॅनलवरचे दोन राउटर एकमेकांचं ऐकून आळीपाळीने बोलतात. वेग वाटला जातो, पण काम चालतं. कुणी शहाणपणाने ३ किंवा ८ निवडला की तो दोन्हीकडच्यांना नुसता गोंगाट ऐकू येतो, आणि तिघांचंही बिघडतं. फोनवर वायफाय ॲनालायझर नावाची फुकट ॲप मिळतात, त्यांत आजूबाजूचे राउटर चॅनलवार दिसतात. ते बघून तिघांतला कमी गर्दीचा निवडा.

आणि इथे पाच गिगाहर्ट्झचा दोष कामाला येतो. भिंत त्याला अडवते, म्हणजे शेजाऱ्याच्या पाचलाही अडवते. प्रत्येक खोलीत जणू वेगळं आकाश. तुळजापूरच्या लॉजमध्ये, धाराशिव शहरातल्या नव्या अपार्टमेंटमध्ये, दहा-वीस नावं दिसत असतील तिथे डोळे मिटून पाच घ्या आणि राउटर त्याच खोलीत आणा. माळवदाच्या एकट्या घरात २.४ घ्या. आणि घर मोठं, भिंती जाड, गर्दीही जास्त असेल, तर दोन्ही पट्टे सोडून जाड भिंतीतून एक साधी लॅन केबल न्या आणि पलीकडे दुसरा राउटर लावा. बाजारात सिग्नल वाढवणारे बिनतारी रिपीटर मिळतात. माझं मत त्यांच्याविषयी फारसं चांगलं नाही. जे आधीच क्षीण झालंय तेच ते पुन्हा ओरडून सांगतात, आणि त्यासाठी बहुतेक वेळा त्याच पट्ट्याची निम्मी वेळ खातात. छिन्नीने भोक पाडायला मिस्त्री अर्धा तास घेतो, आणि प्रश्न दहा वर्षांसाठी मिटतो.

पाचच्या पट्ट्यात एक पाहुणाही आहे: हवामानाचं रडार. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मराठवाड्यात कृत्रिम पावसाचा प्रयोग झाला, तेव्हा ढग शोधायला औरंगाबादला सी-बँड डॉप्लर रडार बसवलं होतं. या जातीची रडार ५.६ गिगाहर्ट्झच्या आसपास काम करतात, म्हणजे वायफायच्या अंगणातच. त्यामुळे मधल्या चॅनलवर, ५२ ते १४४ मध्ये, चालणारा राउटर सुरू होताना किमान एक मिनिट रडारची चाहूल घेतो, आणि चालू असताना ती लागली तर चॅनल सोडून पळतो. घरच्यांना वाटतं, नेट गेलं. असं वारंवार होत असेल तर ३६ ते ४८ किंवा १४९ च्या पुढचे चॅनल घ्या. तिथे ही कटकट नाही.

शेवटी शेतवस्तीचं. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये पाचचा पट्टा घराबाहेरही मोकळा झाला, आणि गावातल्या घरावरून शेतातल्या गोठ्यापर्यंत नेट नेणं सोपं झालं. दोन्ही टोकांना पाइपावर समोरासमोर तोंड केलेल्या अँटेना, मध्ये अडथळा नको. अर्धा किलोमीटरचा असा दुवा उन्हाळ्यात बसवला की झकास चालतो, दिवाळीच्या सुमारास तुटतो, आणि सगळे यंत्राला शिव्या घालतात. पण मध्ये ऊस वाढलेला असतो! लहर दोन अँटेनांमध्ये दोरीसारखी सरळ रेषेत जात नाही; अर्ध्या किलोमीटरच्या मध्यावर तिला रेषेभोवती सगळ्या बाजूंनी आठेक फूट मोकळीक लागते. निदान पाचेक फूट तरी मोकळी हवी. दहा-बारा फुटी उसाची पाण्याने भरलेली पानं त्या मोकळिकीत शिरली की पाच गिगाहर्ट्झ तिथेच मरतो. ज्वारीची तुलनेने कमी अडचण होते, हरभऱ्याची तर नाहीच. म्हणून पाइपाची उंची एप्रिलातलं मोकळं रान पाहून ठरवू नका, मधल्या रानात पुढच्या वर्षी काय लावणार आहेत ते शेजाऱ्याला विचारून ठरवा, आणि पाइपाला अर्थिंग द्या. आपल्याकडचा वळीव विजा घेऊन येतो.

आता तुमचे प्रश्न. विचारताना भिंत कशाची आणि किती जाड, एवढं आधी सांगा.