पाच जणांना पुरेल एवढी शिस्त
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी बजावलंय, "तुझ्या कामाबद्दल बोल, पण आम्हाला कळेल असं." प्रयत्न करते.

12 वर्षं एका मोठ्या कंपनीत नोकरी केल्यावर मी पुण्यात दोन सहकाऱ्यांबरोबर स्वतःची छोटी कंपनी काढली. एकूण माणसं पाच. बाजार समितीतल्या आडत्यांसाठी आम्ही हिशेबाचं सॉफ्टवेअर करतो. माल विकला गेला की शेतकऱ्याच्या हातात पडणारी हिशेबपट्टी त्यातून निघते.

सुरुवातीला आम्ही कसलीच पद्धत ठेवली नाही. पाचच तर जण, शेजारी बसतो, बोलून घेऊ! एका शुक्रवारी रात्री दोघांनी एकमेकांना न सांगता हमालीच्या हिशेबात बदल केला. शनिवारच्या पट्ट्यांत हमाली दोनदा कापली गेली. आडत्यांचा फोन आला. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "मॅडम, पैसे मी देऊन टाकीन. पण शेतकरी म्हणाला, तुम्हीपण तसलेच. ते कसं भरून काढू?" मला उत्तर देता आलं नाही.

मग मी दुसरं टोक गाठलं. जुन्या कंपनीतला सगळा पसारा उचलून आणला. दर कामाचा अंदाज, फॉर्म, अहवाल, तिघांची मंजुरी. पाच माणसांत तीन मंजुऱ्या! दोन महिन्यांनी आमच्यातली सगळ्यांत लहान मुलगी म्हणाली, "ताई, कामाबद्दल एवढं लिहितोय, तर काम कधी करायचं?"

तेव्हा मी मुळातून पुन्हा वाचलं. 2001 साली अमेरिकेत युटामध्ये 17 जणांनी 'अजाइल' जाहीरनामा लिहिला. त्यात कार्यपद्धतीपेक्षा माणसांना आणि त्यांच्यातल्या संवादाला अधिक मोल दिलंय. 'स्क्रम'मधली रोजची बैठक फक्त 15 मिनिटांची. 'कानबान' आली टोयोटाच्या कारखान्यांतून. तिचं सांगणं असं की एका वेळी हातात घ्यायच्या कामांना मर्यादा घाला. म्हणजे पसारा मूळ पद्धतींचा नव्हता, आमच्या सवयींचा होता.

मग आम्ही प्रत्येक नियमाला एकच प्रश्न विचारला: तुझ्यामुळे कोणती चूक टळते? उत्तर मिळालं नाही तो नियम काढून टाकला. उरले चार. भिंतीवर एक फळा, त्यावर तीन रकाने: करायचं, चालू, झालं. 'चालू'मध्ये एकाच्या नावावर एकच काम. कुणाचाही बदल दुसऱ्याने वाचल्याशिवाय आणि जुन्या पट्ट्यांचा हिशेब आपोआप पुन्हा जुळल्याशिवाय पुढे जाणार नाही. आणि शुक्रवारी काहीही बदलायचं नाही; त्या दिवशी आठवड्याचं काम आडत्यांना दाखवायचं.

आपल्या मुलांपैकी कुणी स्टार्टअप काढत असेल, तर माझे चार नियम जसेच्या तसे उचलू नका म्हणावं. प्रश्न तेवढा घ्या. माणसं वाढली की आम्हालाही तो पुन्हा विचारावा लागेल.

वर्गात फळ्याच्या कोपऱ्यात रोज पट आणि हजर संख्या लिहायचो, आठवतं? कोण आलं नाही ते विचारावं लागत नसे. आमचा फळा तेवढंच करतो.

ते आडते अजून आमच्याकडेच आहेत. नवा बदल आला की पहिली पट्टी ते आजही हाताने तपासतात. मीही त्यांना कधी नको म्हटलं नाही.