खोली भाड्याने देताना नाव कोणाचे?

(इगतपुरी येथे बायकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला बोलावताना असे सांगितले होते की, इथे बऱ्याच जणींच्या घराला एखादी जादा खोली आहे. कुणाची मागच्या दाराची पडवी आहे, कुणाची मुले नाशिकला गेल्यामुळे रिकामी पडलेली माडी आहे. ती भाड्याने द्यावी असे वाटते, पण धीर होत नाही. तेव्हा कायद्याचे आणि डागडुजीचे दोन शब्द सांगा. दोन शब्दांत भागणार नाही, पण लांबवत नाही.

इगतपुरीत खोलीला गिऱ्हाईक शोधावे लागत नाही हे तुम्हीच मला सांगाल. रेल्वेचा माणूस क्वार्टर मिळेपर्यंत खोली बघतो. बदलून आलेल्या शिक्षिका आहेत, नर्सबाई आहेत, गोंदे-वाडीवऱ्ह्याच्या कारखान्यांत पाळीवर जाणारी पोरे आहेत. धम्मगिरी १९७६ साली सुरू झाले. शिबिराला येणारे आतच राहतात, पण त्यामुळे गावातली ये-जा वाढली. आणि ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा खुला झाला. पावसाळ्यात दोन रात्रींसाठी येणाऱ्या पाहुण्यांना खोली देणे हा मात्र वेगळा धंदा आहे, आज त्यात शिरत नाही. मी बोलते आहे ते महिन्याच्या भाड्याबद्दल.

आता मला सांगा, भाड्याची खोली सांभाळते कोण? नळाला पाणी नाही, दिवा गेला, संडास तुंबला की भाडेकरू "काकू, जरा बघता का?" म्हणत तुमच्या दाराशी येतो. आणि पहिल्या तारखेला तोच माणूस पैसे हातात धरून विचारतो, "काका आहेत का घरी?" खोली झाडून देणारी, भिंतीला चुना लावणारी, गळक्या जागेखाली घमेले ठेवणारी बाई, आणि मालक म्हणून नाव दुसऱ्याचे. नवरा गेला तर मुलाचे, मुलगा नसला तर दिराचे. म्हणून भाडेकरू कसा निवडावा याच्या आधी मी कागदाकडे येणार आहे.

घर कुणाच्या नावावर आहे ते आधी बघा. नगरपरिषदेचा कर आकारणीचा उतारा काढा, सिटी सर्व्हे झालेला असेल तर मिळकत पत्रिका काढा. खेड्यातल्यांनी ग्रामपंचायतीचा नमुना आठ काढावा. कराच्या उताऱ्यावर नाव आहे म्हणजे मालकी सिद्ध झाली असे होत नाही, पण नाव नसले तर भांडायला सुरुवातच मागून करावी लागते. नवरा मृत्युपत्र न करता वारला असेल, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने त्याच्या मिळकतीत विधवा, मुलगे, मुली आणि त्याची आई यांना सारखा हिस्सा आहे. हा कायदा बौद्ध, जैन आणि शीख घरांनाही लागू आहे. मुस्लिम, ख्रिस्ती बहिणींचे वारसाहक्क वेगळे आहेत, त्यांनी त्यांच्यापुरते विचारून घ्यावे. तेराव्याच्या गडबडीत "इथे सही कर वहिनी, नुसती नोंद करायची आहे" म्हणून जो कागद पुढे येतो, तो पुष्कळदा हक्कसोडीचा असतो. वाचल्याशिवाय सही करू नका. वाचता येत नसेल तर जी वाचू शकते तिला घेऊन जा.

नवरा हयात असेल आणि राजी असेल, तर राहते घर किंवा त्यातला हिस्सा बायकोला बक्षीसपत्राने देता येतो. महाराष्ट्रात त्यावरचे मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. त्यावर अधिभार किती बसतो ते दुय्यम निबंधकांच्या कचेरीत विचारावे. राजी नसेल तर निदान भाडे देण्याचा अधिकार तुम्हाला लिहून द्यावा, एवढे तरी मागा.

"भाडेकरू आत शिरला की निघत नाही" ही भीती आपल्या आईआजीपासून चालत आली आहे, आणि ती उगाच आलेली नाही. १९४७ चा मुंबई भाडे कायदा होता, त्याने जुनी भाडी गोठवून ठेवली होती. पुढे १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे नुसत्या परवान्यावर राहत होते, त्यांनाही कायद्याने भाडेकरू ठरवले. तेव्हापासून घराला कुलूप लावून ठेवीन पण भाड्याने देणार नाही, असे लोक म्हणू लागले. त्या कायद्याच्या जागी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून तो लागू झाला. त्यात ज्याला आपण लिव्ह अँड लायसन्स म्हणतो, त्या कराराला आधार आहे. मुदत संपल्यावर माणूस उठला नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा मागता येतो, आणि तो जितके दिवस बसून राहील तितक्या दिवसांची भरपाई ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने मागता येते.

पण हे सारे करार नोंदवला असेल तर सोपे. "अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही" ही समजूत गावोगाव आहे, एजंटही तेच सांगतात. महाराष्ट्रात या कायद्याचे ५५ वे कलम म्हणते की करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, मुदत कितीही असो. नोंदवण्याची जबाबदारी घर देणाऱ्यावर आहे. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. आणि त्याहून वाईट म्हणजे, नोंदवलेला कागद नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू म्हणेल ते खरे धरले जाते, खोटे आहे हे तुम्ही सिद्ध करायचे. नोटरीचा शिक्का मारलेला कागद ट्रंकेत जपून ठेवणाऱ्या बाईला हे सांगताना माझ्या जिवावर येते.

खर्चाची धास्ती घेऊ नका. समजा भाडे महिना ४,००० रुपये, अनामत २०,००० आणि मुदत अकरा महिने. सगळ्या भाड्याची बेरीज ४४,०००. अनामतीवर वर्षाला १० टक्के व्याज धरतात, ते अकरा महिन्यांचे १,८०० च्या वर थोडे. या एकूण रकमेवर शेकडा पाव, म्हणजे मुद्रांक शुल्क साधारण ११५ रुपये. नोंदणी फी पालिका हद्दीत १,००० आणि ग्रामीण भागात ५०० रुपये. आता हे आधार कार्डावर घरबसल्याही होते. एजंट यापेक्षा किती मागतो ते बघा आणि मग ठरवा.

करारात घर देणारी म्हणून तुमचे नाव. भाडे तुमच्या खात्यात, फक्त तुमच्या. घेतल्या पैशांची पावती द्या. भाडेकरूची माहिती आणि फोटो पोलीस ठाण्यात द्या. विजेचा मीटर वेगळा करून घ्या, नाहीतर महिन्याच्या महिन्याला पंख्यावरून भांडण.

आता डागडुजी. नाशिककरांनी लिहिलेले सल्ले इथे चालत नाहीत, कारण आपला पाऊस नाशिकचा नाही, घाटमाथ्याचा आहे. जून ते सप्टेंबर भिंत वाळतच नाही. म्हणून इथल्या खोलीचे वर्ष मे महिन्यात सुरू होते असे समजा. कौलारू छपराची कौले मेमध्येच चाळून घ्यायची, फुटकी बदलायची. पत्रा असेल तर त्याचे हूक आणि वायसर तपासायचे, कारण पत्रा गळतो तो पुष्कळदा भोकापाशी. पन्हळ साफ करायची, पागोळ्यांचे पाणी भिंतीच्या पायाशी पडत असेल तर लांब न्यायचे. पश्चिमेच्या भिंतीला गिलाव्याची चीर असेल तर ती भरल्याशिवाय रंग लावू नका. वर रंग, आत ओल, आणि ऑगस्टमध्ये पोपडे. ओल्या भिंतीतली वायरिंग सर्वांत धोक्याची. अर्थिंग नीट आहे का आणि करंट गळला तर वीज तोडणारा स्विच बसवला आहे का, हे तारतंत्र्याकडून दरवर्षी बघून घ्या. माझा हिशेब असा की, वर्षातले दोन महिन्यांचे भाडे दुरुस्तीसाठी बाजूला ठेवावे. इतरत्र एकात भागत असेल, इथे नाही.

आणि भाडे थकले म्हणून पाणी तोडायचे, संडासाला कुलूप लावायचे, हे करू नका. कायद्याला ते मान्य नाही, आणि संडासाला कुलूप लागले की आधी अडचण होते ती त्याच्या बायकोची.

आता जे बोलणार आहे ते ऐकायला कडू लागेल. "एकट्या बाईला खोली देत नाही" ही पाटी दारावर नसते, पण तोंडात असते. नर्सबाई रात्रपाळी करते म्हणून नको, नवऱ्याने टाकलेली आहे म्हणून नको. मग "आडनाव काय?" विचारायचे, आणि आडनाव ऐकून खोली एकाएकी "कालच गेली" होते. आपल्यातल्या कितीजणी स्वतः अशा दारांवरून परत फिरल्या आहेत! किल्ली आपल्या हातात आल्यावर आपण तेच विचारणार का? मी तुम्हाला शपथ घालत नाही. पगार आहे का, जुन्या घरमालकाशी कसे वागली, हे जरूर विचारा, पुरुषाला विचाराल तेवढेच.

नवरा-बायको राहायला आले, तर करारात दोघांची नावे घाला, दोघांच्या सह्या घ्या. माणूस कधीकधी बायको-मुलांना खोलीत टाकून निघून जातो, मग ती बिचारी कुठल्या कागदावर राहते? दोघांचे नाव असेल तर मुदत संपेपर्यंत तिला तिच्या हक्काने राहता येते, आणि भाड्याचे तुम्हालाही तिच्याशी सरळ बोलता येते. भिंतीपलीकडून मारहाणीचा आवाज आला तर "भाडेकरूच्या घरातली गोष्ट" म्हणून दार लावून घेऊ नका. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात भाड्याचे घरही येते, नवऱ्याने तिला तिथून हाकलू नये असा हुकूम मॅजिस्ट्रेट देऊ शकतो. तिला संरक्षण अधिकाऱ्याचा पत्ता द्या, १८१ हा नंबर द्या. आणि "तुम्हा दोघांची कटकट नको, खोली सोडा" असे त्याच रात्री म्हणू नका, तेव्हा तिच्याकडे दुसरी जागा नसते.

माझ्याकडे उताऱ्यासाठीच्या अर्जाचे नमुने आहेत, आणि कराराचा एक कच्चा मसुदा आहे. ज्यांनी घराचे कागद आणले आहेत त्यांनी चहानंतर थांबावे, आपण एकेकीचे उघडून बघू.