मेलेल्या आजाचा नातू



आज मी घोषणा द्यायला उभा नाही. चार कागद घेऊन उभा आहे. चारही माझ्या आजाचे. एकावर नावच नाही, बाकी तिघांवर तीन नावं.

जातपडताळणीला पुरावा लागतो १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा. आमच्या नावावर जमीन नव्हती, मग सातबारा कुठला? राहिलं कोतवाल बुक. म्हणजे गाव नमुना १४, गावातल्या जन्ममृत्यूची नोंदवही. तीत जातीचा रकाना असतो. पानं मोडीतली. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, दोन शब्दांत जागा सोडलेली नाही. जाणकारानं वाचून दिलं : १९३१, 'रामा महार, मुलगा.' पोराचं नाव नाही, कारण बारशाआधीच नोंद व्हायची. मी म्हटलं, सापडला!

पानं उलटली. १९३४, मयत : 'रामा महाराचा मुलगा, वय ३, देवी.' कारकून हसला. म्हणाला, 'तुझा आजा तिसऱ्या वर्षी मेला. मग तू कुठून आलास?'

उत्तर त्या कागदात नव्हतं. ते आजाच्या धाकट्या बहिणीकडं होतं. म्हातारी पंच्याऐंशीच्या घरात. म्हणाली, 'त्यो पयला रं बाबा. त्यो देवीनं गेला. त्येच्या मागनं एक पोरगी गेली. मंग दादा झाला. आयनं त्येला उकिरड्यावर ठिवला आन् परत उचलला. म्हनून कचरू.'

परत गेलो. पुढं चाळत १९३६ च्या पानावर आलो. 'रामा महार, मुलगा.' हा आमचा.

मग बाकीचे कागद उलगडले. शाळेच्या जनरल रजिस्टरात 'कचऱ्या रामा महार', जन्म १ जून. ती तारीख मास्तरानं ठोकलेली. १९५६ च्या धर्मांतरानंतरच्या मतदारयादीत 'कचरू रामजी कांबळे'. मृत्यूच्या दाखल्यावर 'काशिनाथ रामजी कांबळे'.

मी आधी पेटलो होतो. म्हटलं, माणसाला कचरा म्हणणारी ही व्यवस्था! पण ते अर्धंच खरं. 'कचरू' आईनं ठेवलं, मरणाला चकवायला. दगडू, धोंडू ही नावं त्यातलीच, आणि ती इतर जातींतही होती. 'कचऱ्या' मात्र लेखणीनं केला. वरच्यांच्या नावाला राव आणि पंत, आमच्या नावाचा तुकडा मोडून 'या'. आणि 'काशिनाथ'? गिरणीत लागला तेव्हा ते नाव त्यानं स्वतः घेतलं. एक नाव आईचं, एक लेखणीचं, एक त्याचं स्वतःचं. कचेरी याला तफावत म्हणते. मी म्हणतो, हा आमचा इतिहास आहे.

बाबासाहेब ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले, तिथल्या रजिस्टरात नाव 'भिवा' आहे. भिवा आणि भीमराव वेगळे, असं कोण म्हणेल?

तेव्हा दोस्तहो, घरी जाऊन एवढं करा. नावं जुळावीत म्हणून जुन्या कागदावर खाडाखोड करू नका, तो उलटून तुमच्याच गळ्यात येईल. नोंद आहे तशीच तिची नक्कल घ्या. एका नोंदीवर नाचू नका. मागची-पुढची दहा वर्षं चाळा, जन्माबरोबर मयतही बघा. वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रात सगळी नावं 'उर्फ' लावून लिहा, लाजू नका. आणि घरात म्हातारं माणूस असेल तर आजच रात्री त्याच्याजवळ वही घेऊन बसा. ते गेलं की त्याच्याबरोबर अख्खं दप्तर जातं.

शेवटचं सांगतो. मी म्हातारीला विचारलं, देवीनं गेला त्या पोराचं नाव काय होतं?

'तुका,' ती म्हणाली. 'आय रडाया बसली का त्याचंच नाव घ्यायची.'

हे नाव कुठल्याच सरकारी कागदावर नाही. वंशावळीत माझ्या आजाच्या नावाआधी मी ते लिहिलंय. कारकून म्हणाला, याची गरज नव्हती. मी म्हटलं, राहू द्या.

जयभीम.