बालवर्गातील रंगीत भोपळा

ऑक्टोबर लागला की अमेरिकेतील आणि कॅनडातील बालवर्गांत भोपळे येऊन बसतात. ३१ ऑक्टोबरच्या हॅलोविनला भोपळा कोरून, आत दिवा ठेवून दाराशी मांडण्याची रीत तिथे रुजली ती मुख्यतः एकोणिसाव्या शतकात आलेल्या आयरिश स्थलांतरितांमुळे. मायदेशी ते सलगम कोरत. नव्या देशात त्यांना मोठा, आतून पोकळ आणि कोरायला सोपा भोपळा मिळाला. चार-पाच वर्षांच्या मुलाच्या हाती सुरी देता येत नाही, म्हणून शाळेत कोरण्याऐवजी रंगवणे आले. शिवाय कोरलेला भोपळा आठवडाभरात बुरसतो, तर साल शाबूत ठेवून रंगवलेला कित्येक आठवडे टिकतो. तेवढ्या अवधीत त्याच्याभोवती बराच अभ्यास होतो.

शिक्षकांच्या नियोजनात या उपक्रमासमोर गणित, विज्ञान, भाषा, कला, समाज अशी विषयांची लांबलचक माळ असते. तिच्यातले काही मणी ओढूनताणून ओवलेले असतात. पाच भोपळे मोजले काय किंवा पाच खडे मोजले काय, गणित तेच. भोपळा कागदासारखा निमूटपणे रंग लावून घेत नाही, आणि त्याचे शैक्षणिक मोल त्या आडमुठेपणातच आहे. तो गोल, गुळगुळीत, आधीच रंगीत आणि नाशवंत असतो. मुलाला शिकवतात त्या याच अडचणी.

पहिली अडचण गोलाईची. कागदाला कडा असतात. खालची कड जमीन होते, वरची आकाश. व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ च्या ‘क्रिएटिव्ह अँड मेंटल ग्रोथ’ या ग्रंथात बालचित्रांच्या विकासाच्या अवस्था मांडल्या. त्यांच्या मते साधारण सातव्या वर्षापासून मूल चित्रातील वस्तू एका जमीनरेषेवर नीट उभ्या करू लागते. भोपळ्यावर अशी आयती कड नसते. चेहरा काढताना एक कान वळसा घेऊन मागे जातो आणि दिसेनासा होतो. मग भोपळा फिरवावा लागतो किंवा स्वतः उठून पलीकडे जावे लागते. समोर बसलेल्या मैत्रिणीला त्याच भोपळ्याची दुसरीच बाजू दिसत असते. ज्याँ पियाजे यांच्या तीन डोंगरांच्या प्रसिद्ध प्रयोगात लहान मुले समोरच्या बाहुलीला काय दिसत असेल हे विचारल्यावर स्वतःला दिसणारेच दृश्य दाखवत. भोपळ्याभोवती बसलेल्या मुलांसमोर तोच प्रश्न वस्तुरूपाने येतो, आणि उत्तर पडताळायला नुसते उठून जावे लागते.

गणिताचा सर्वांत सुंदर धडा सालीवरच्या खाचांमध्ये दडलेला आहे. या खाचांमुळे भोपळ्याला उभ्या फाका पडल्यासारख्या दिसतात. एक फाक निळी, एक पांढरी असे आलटून पालटून रंगवत गेलेले मूल फिरून सुरुवातीच्या जागी येते, तेव्हा फाकांची संख्या सम असेल तर नक्षी जुळते. विषम असेल तर दोन निळ्या फाका शेजारी येतात. कागदाच्या पट्टीवर हा घोटाळा कधीच उघडा पडत नाही, कारण पट्टीची दोन टोके भेटत नाहीत. सम-विषम हे शब्द कानावर पडण्याआधीच मुलाला त्यांतला फरक डोळ्यांनी दिसतो. तिसरा रंग आणून नक्षी सावरता येईल का, हा पुढचा प्रश्न बहुधा मुलेच काढतात. मोजमापही असेच. भोपळ्याच्या पोटाला वेढा घालण्यासाठी किती दोरा लागेल, याचा आधी अंदाज करून दोरा कापायचा आणि मग गुंडाळून पाहायचा. अंदाज चुकतो, आणि घेर व उंची या दोन निराळ्या गोष्टी आहेत हे हाताला कळते.

गुळगुळीतपणातून विज्ञान सुरू होते. भोपळ्याच्या सालीवर मेणाचा पातळ नैसर्गिक थर असतो. शाळेतला धुऊन निघणारा टेम्परा रंग त्यावर ओघळतो आणि वाळल्यावर पापुद्र्यांनी सुटतो. ॲक्रिलिक पक्का बसतो. दोन्ही रंग एकाच भोपळ्यावर शेजारी शेजारी लावले, तर तुलना वेगळी सांगावी लागत नाही. पाण्याच्या टबात टाकलेला जड भोपळा तरंगतो, कारण तो आत पोकळ असतो. मात्र हे रंगवण्यापूर्वी करून घ्यावे.

नारिंगी रंगाची तऱ्हाही शिकण्यासारखी. त्यावर पातळ निळा लावला तर तो मळकट होतो, पिवळा जवळजवळ हरवतो. आधी पांढरा हात द्यावा लागतो. यायोई कुसामा या जपानी चित्रकर्तीचे ठिपक्यांचे भोपळे अनेक कलावर्गांत दाखवले जातात. १९२९ मध्ये जन्मलेल्या कुसामा यांच्या घराण्याचा बी-बियाण्यांचा आणि रोपांचा व्यवसाय होता. नाओशिमा बेटावरचा त्यांचा पिवळा भोपळा २०२१ च्या वादळात समुद्रात वाहून गेला आणि २०२२ मध्ये पुन्हा बसवला गेला. त्यांचे ठिपके फुगवट्यावर मोठे आणि खाचांकडे लहान होत जातात, त्यामुळे आकार अधिकच गोल भासतो. हे पाहिलेले मूल ठिपके सरसकट ठोकत नाही. साचा किंवा छापील डोळे-तोंड हाती दिले की मात्र यातले काहीच होत नाही. वर्गाबाहेर मांडायला एकसारखे भोपळे तेवढे मिळतात.

हाताचे कामही कागदापेक्षा वेगळे असते. एका हाताने भोपळा धरायचा, दुसऱ्याने कुंचला चालवायचा. तो डुगडुगू नये म्हणून खाली टेपचे रिकामे कडे ठेवतात. मराठी घरात जुन्या कापडाची चुंबळ तेच काम करील.

भाषेसाठी अनेक शाळांत मूल आवडत्या पुस्तकातील एखादे पात्र भोपळ्यावर रंगवते आणि त्याच्याबद्दल वर्गात बोलते. लेकीकडून भोपळ्यात बसून परतणारी म्हातारी अमेरिकेतील मराठी घरांतल्या मुलांना इथे आयतीच सापडते.

समाजाचा धडा एका विशिष्ट रंगात मिळतो. टेनेसी राज्यातून निघालेली एक कल्पना ‘फूड ॲलर्जी रिसर्च अँड एज्युकेशन’ या संस्थेने २०१४ मध्ये देशभर नेली: दाराशी हिरवट निळा भोपळा असेल, तर त्या घरी खाऊऐवजी स्टिकर किंवा छोटी खेळणीही मिळतात. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलाला मग रिकाम्या हाताने परतावे लागत नाही. रंग हा निरोपही असतो, हे पाच वर्षांच्या मुलाला सहज पटते. हॅलोविन न पाळणाऱ्या कुटुंबांतील मुलेही वर्गात असतात; भुताच्या चेहऱ्याऐवजी नक्षी काढली की त्यांनाही सहभागी होता येते.

महागड्या साधनांऐवजी परिसरातील वस्तूंवर शिक्षण उभे करण्याचा विचार मराठी बालशिक्षणाला नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाड येथील बालवाड्यांत बिया, पाने, शिंपले यांनाच शैक्षणिक साधने मानले. त्यामुळे इथल्या बालवाडीने ऑक्टोबरमध्ये नारिंगी भोपळा शोधत हिंडण्याचे कारण नाही. बाजारातला खाचांचा डांगर भोपळा तेच शिकवील.

नोव्हेंबरात भोपळा मऊ पडू लागतो. रोज निरीक्षण करून डाग कुठे आला, वास कधी सुटला हे चित्रांनी नोंदवता येते. रंगवलेला भोपळा खायचा नसतो. मोठ्यांनी तो चिरून दिला, तर आतल्या बिया धुऊन दहा-दहांच्या ढिगांत मोजता येतात. ॲक्रिलिक रंग हे प्लॅस्टिकच असल्याने खताच्या खड्ड्यात टाकण्यापूर्वी रंगीत साल सोलून काढावी लागते. एक तुकडा मुद्दाम सालीसकट वेगळ्या कुंडीतल्या मातीत पुरून ठेवला, तर काही आठवड्यांनी गर मातीला मिळालेला आणि रंगाचा पापुद्रा तसाच राहिलेला मुलांना दिसतो.