श्वासनलिकांचा संकोच आणि शिक्षकाची नजर



कवायतीत चार पावले धावून खाली बसणारा, रात्रीच्या खोकल्यामुळे वर्गात पेंगणारा मुलगा आळशी ठरविला जातो. त्या आळसामागे पुष्कळदा अरुंद झालेल्या श्वासनलिका असतात. दम्यामध्ये या नलिकांच्या अस्तराला सूज येते, भोवतालचे स्नायू आवळतात आणि आत चिकट कफ साचतो. त्यामुळे श्वास सोडताना शीळ घातल्यासारखा आवाज येतो. सर्दी, चुलीचा धूर, मळणीची धूळ, थंड हवा व धावपळ ही त्याची नित्याची निमित्ते होत.

मात्र धडधाकट मुलाला काही खाताना एकाएकी ठसका लागून मागाहून घरघर राहिली, तर शेंगदाणा अथवा चिंचोका श्वासनलिकेत अडकल्याचा संशय घ्यावा व त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे.

निदान डॉक्टरांनी करावयाचे. सुमारे ६ वर्षांवरील मुलास ते यंत्रात जोराने फुंकावयास लावतात. श्वासावाटे औषध देऊन सुमारे १५ मिनिटांनी पुन्हा मोजतात. फुंकर स्पष्टपणे सुधारली, तर दम्याला पुष्टी मिळते. परंतु तपासणीच्या वेळी मुलाचा श्वास अनेकदा मोकळा असतो. म्हणून त्रास केव्हा, कशाने व किती वेळ झाला, ही शिक्षकाची नोंद मोलाची ठरते.

धापेमुळे वाक्य पुरे न होणे, ओठ निळसर पडणे ही धोक्याची चिन्हे होत. तेथे नोंदीसाठी थांबू नये. दमा संसर्गाने पसरत नाही. अशा मुलास वेगळे बसवू नये.