कोंडलेल्या कोंबडीसाठी झाडं निवडताना

आज कोडिंगचं काही नाही, आज कोंबड्यांबद्दल बोलणार आहे. म्हणजे कोंबड्यांच्या जाळीभोवती कोणती झाडं लावायची आणि कोणती अजिबात लावायची नाहीत, याबद्दल. मी हे एक कोंबडी गमावून शिकलो, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

आमचं गाव साताऱ्याजवळ. कोंबड्या आजीच्या, गावरान, आयुष्यभर अंगणात मोकळ्या फिरलेल्या. दोन वर्षांपूर्वी मोकाट कुत्र्यांनी एका आठवड्यात चार नेल्या. तेव्हा मी घरूनच काम करत होतो. खुराड्याला जोडून जाळीचं मोठं आवार बांधलं. पश्चिमेचं ऊन फार लागायचं, म्हणून त्या बाजूला जाळीला लागून कण्हेर लावली. हायवेच्या दुभाजकात बघता ना तुम्ही, पाणी नाही, निगा नाही, तरी फुललेली असते. शिवाय शेळ्या तोंड लावत नाहीत. खरं तर तिथेच मला कळायला हवं होतं.

मे महिन्यात कण्हेर छाटली. मध्येच कॉल आला, उठून गेलो. कापलेल्या काही फांद्या जाळीच्या आत पडल्या होत्या, त्या तशाच राहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तुरेवाली मेलेली, आणि एक मान टाकून बसलेली. ती पुढे वाचली. तपासणीशिवाय नक्की सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले, पण कण्हेर आजच काढा, हेही म्हणाले. कण्हेरीच्या सगळ्या भागांत हृदयावर परिणाम करणारं विष असतं आणि पान वाळलं तरी ते जात नाही.

आजी रागावली नाही. एवढंच म्हणाली, "मोकळी व्हती तवा तिनं कन्हेरीला कधी चोच लावली न्हाई. कोंडलीस तू. आता तिच्या वाटचं निवडायचं बी तूच."

माझ्यासाठी सगळा विषय या एका वाक्यात आहे. "कोंबडीला काय खायचं ते बरोबर कळतं" असं आपण म्हणतो. मोकळ्या कोंबडीच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरंही आहे, कारण तिच्यापुढे शंभर पर्याय असतात. जाळीतली कोंबडी कंटाळलेली असते, आतला हिरवा पाला दोन दिवसांत संपलेला असतो, मग जे हाताशी, म्हणजे चोचीशी, येईल त्यावर ती टोच मारते. पिल्लं तर काहीही टोचून बघतात.

त्यामुळे आधी 'नको'ची यादी. कण्हेर नको. पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, ती वेगळं झाड आहे, पण तितकीच विषारी. एरंड, धोतरा, रुई, गुंजेचा वेल, हेही नको. कुणी हौसेनं अ‍ॅव्होकॅडो लावत असेल तर जाळीपासून लांब लावा, त्याची पानं आणि साल पक्ष्यांना बाधतात. सुबाभूळ चाऱ्याचं झाड म्हणून सुचवतात, पण तिच्यात मिमोसिन असतं, कोंबड्यांना तिचा पाला जास्त झाला तर त्रास होतो.

आता आमच्याकडे काय आहे ते सांगतो. पश्चिमेला शेवगा आणि तुती. दोन्ही फांदी खोचून लागतात, झपाट्यानं वाढतात. शेवग्याच्या पाल्यात प्रथिनं चांगली आणि तुतीची फळं खाली पडली की कोंबड्यांची धावाधाव बघण्यासारखी असते. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडी ठेवून धापा टाकत अंग थंड करते, त्यामुळे उन्हाळ्यात सावली हीच तिची मोठी गरज. मध्ये जास्वंद आणि गवती चहा. कडेला झेंडू, त्याच्या पाकळ्या खाल्ल्या की बलक जास्त केशरी होतो.

लावतानाच्या तीन गोष्टी. एक, झाड जाळीपासून दोन-तीन फूट लांब लावा. जाळीला चिकटलेल्या दाट झुडपात साप, मुंगूस लपतात आणि टेकलेल्या फांदीवरून मांजर वर चढतं. दोन, जे झाड आवाराच्या आत असेल त्याच्या बुंध्याभोवती दगड किंवा विटा रचा, नाहीतर कोंबड्या आठवडाभरात मुळं उकरून काढतात. तीन, नर्सरीतल्या रोपांवर फवारणी झालेली असू शकते. विचारून घ्या आणि नवी पालवी फुटेपर्यंत रोप कोंबड्यांपासून बाजूला ठेवा.

आणि छाटणी कुठल्याही झाडाची असो, ती संपल्यावर जाळीच्या आत एक चक्कर मारा. कॉल आला तर वाजू द्या.

कण्हेर मी हातमोजे घालून मुळासकट काढली. जाळली नाही, कारण तिचा धूरही वाईट. लांब खड्ड्यात पुरली. त्या जागी आता शेवगा डोक्याच्या वर गेलाय. दुपारी आजी तिथेच बाज टाकून बसते आणि कोंबड्या जाळीच्या पलीकडून तिच्याच सावलीच्या तुकड्यात.

तुमच्या जाळीभोवती काय लावलंय, ते आज एकदा फिरून बघा. भेटू पुढच्या भागात.